‘चांदोबा’तल्या त्या थरारक मालिका कोणी लिहिल्या? लेखकाचं नाव छापलंच नव्हतं!

हैदराबाद : नांदेड, देगलूर, धर्माबाद भागात आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कोणालाही विचारा. ‘चांदोबा’ हातात आला की आधी काय उघडायचात? अनेक जण सांगतील, मालिकेचं पान. मांत्रिक, राक्षस, पडकी देवळं आणि नेमक्या वेळी तुटणारा भाग. पुढचं वाचायला महिनाभर थांबायचं. पण हे सगळं लिहिलं कोणी, हे अंकात सापडत नसे.

ते लेखक म्हणजे दासरी सुब्रह्मण्यम. जन्म 1932, आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यातला. 1952 मध्ये ते मद्रासला ‘चंदामामा’च्या संपादकीय विभागात लागले आणि पाच दशकांहून जास्त काळ तिथंच राहिले. 1954 ला त्यांची ‘तोकचुक्क’ म्हणजे ‘शेंडेनक्षत्र’ ही मालिका सुरू झाली. पुढं ‘कंचुकोट’, ‘ज्वालाद्वीपम्’, ‘पाताळदुर्गम्’, ‘शिथिलालयम्’ अशा एकूण 12 मालिका त्यांनी लिहिल्या. शेवटची ‘भल्लूक मांत्रिक’ 1978 ला संपली. ‘चित्रा’ या नावानं काम करणाऱ्या टी. व्ही. राघवन यांची चित्रं या मालिकांना असायची.

आता प्रश्न असा, की तेलुगू लेखकाची गोष्ट आपल्यापर्यंत मराठीत आली कशी? ‘चंदामामा’ जुलै 1947 मध्ये नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तेलुगू व तमिळमध्ये सुरू केला. मराठी ‘चांदोबा’ 1952 चा. मजकूर आधी तेलुगूत तयार व्हायचा, मग बाकीच्या भाषांत उतरवला जायचा. चित्रं मात्र तीच. म्हणजे सीमेच्या अलीकडचं देगलूरचं पोरगं आणि पलीकडचं निजामाबादचं पोरगं एकाच राक्षसाला घाबरत होतं, फक्त भाषा वेगळी.

नाव का नव्हतं? कारण मालिका मासिकाच्या मानल्या जात, एकट्या लेखकाच्या नाही. सुब्रह्मण्यम पगारी संपादक होते. गोष्ट देशभर पोचली, लेखक कार्यालयातच राहिला.

जानेवारी 2010 मध्ये ते वारले. पण तेलुगू वाचक त्यांना विसरले नाहीत. हैदराबादच्या ‘रचना’ मासिकाच्या मंडळींनी त्यांची आठवण जागी ठेवली, वाहिनी बुक ट्रस्टनं त्यांचं लेखन पुस्तकरूपात आणलं. जे नाव अंकावर कधी नव्हतं, ते मुखपृष्ठावर आलं.

आपल्याकडं काम अजून बाकी आहे. सुब्रह्मण्यम यांचं नाव आता कळलं, पण त्या गोष्टी आपल्या मराठीत आणणारे अनुवादकही तसेच बिननावाचे राहिले. माळ्यावर जुने ‘चांदोबा’ असतील तर रद्दीत घालू नका. आणि नातवंडांना त्यातली गोष्ट सांगताना शेवटी एवढं जरूर सांगा : ही दासरी सुब्रह्मण्यम यांची.