दोन नेटवर्क कार्डांचा संगणक आणि त्याची चुकणारी वाट

प्राथमिक शाळांच्या कार्यालयांतून संगणक हे आता कपाट व टेबलाइतकेच नित्याचे साधन झाले आहे. विद्यार्थ्यांची यू-डायस प्लसवरील नोंद असो, शालेय पोषण आहाराची माहिती असो, वा शिष्यवृत्ती परीक्षेची आवेदनपत्रे असोत, ही कामे आता त्याच्यावाचून होत नाहीत. अशा वेळी इंटरनेट सर्वस्वी बंद असेल तर ते एकपरी परवडते. कारण बंद पडलेल्या वस्तूची दुरुस्ती तरी होते. परंतु दहा मिनिटे चालावयाचे आणि पाच मिनिटे रुसावयाचे, अशी ज्याची रीत, त्या इंटरनेटने माणूस जेरीस येतो. माहिती भरून झाली, शेवटची कळ दाबली आणि पान कोरे झाले, असे एका सायंकाळी तीन-चार वेळा घडले म्हणजे मुख्याध्यापक कागदांचे भेंडोळे घेऊन तालुक्याच्या गावी जातात व पदरचे पैसे मोडून काम उरकतात. तेही न जमल्यास मुदत टळते आणि एखाद्या मुलाचे आवेदनपत्र राहून जाते.

ही तक्रार ज्या संगणकांबाबत विशेष ऐकू येते, त्यांतील पुष्कळ संगणकांना दोन नेटवर्क कार्डे असतात. एकास लॅन केबल जोडलेली असते व दुसरे वायफायचे असते. बहुधा कार्ड बिघडले असे समजून नवे कार्ड आणले जाते, विंडोज पुन्हा घातले जाते, कधी संपूर्ण यंत्रच बदलले जाते. आणि दोष मात्र जेथल्या तेथे राहतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार होय. दोन्ही कार्डे धडधाकट असूनही संगणकाची वाट चुकू शकते. ती का चुकते, हे समजल्यास शिक्षकांस स्वतःच तिचा शोध घेता येईल.

प्रत्येक नेटवर्क कार्डास जाळ्यावर एक पत्ता असतो. १९२.१६८.१.२० अशा चार अंकांचा हा पत्ता, आणि त्यासोबत २५५.२५५.२५५.० असा एक मुखवटा, ज्यास सबनेट मास्क म्हणतात. या मुखवट्यावरून संगणकास आपले गाव कोणते ते कळते. वरील उदाहरणात पहिले तीन अंक हे गावाचे नाव व चौथा अंक हा घराचा क्रमांक समजावा. त्याच गावातील प्रिंटरकडे काही धाडावयाचे असेल, तर संगणक ते थेट धाडतो. परगावी धाडावयाचे असेल, म्हणजे इंटरनेटवरील कोणत्याही ठिकाणी, तर ते गावाच्या वेशीवर नेऊन सोपवितो. या वेशीचे नाव गेटवे. वेशीपलीकडचा रस्ता संगणकास ठाऊक नसतो आणि ठाऊक असण्याचे कारणही नसते.

एक कार्ड असलेल्या संगणकास एकच गाव व एकच वेस असते. दोन कार्डे असली की गावे दोन होतात. यातही काही बिघडत नाही. घोटाळा होतो तो दोन्ही गावांनी आपापली वेस पुढे केली म्हणजे. परगावचा प्रत्येक जिन्नस कोणत्या वेशीतून न्यावयाचा, हे मग संगणकास ठरवावे लागते. आणि त्या वेशीपलीकडे खरोखरच रस्ता आहे की वाट नदीपाशी येऊन संपली आहे, हे पाहून तो ठरवीत नाही.

उदाहरणादाखल एक शाळा डोळ्यांसमोर आणावी. पूर्वी तेथे ब्रॉडबँड होते. त्याचा राउटर संगणक खोलीत अजून आहे. त्यास चार संगणक व एक प्रिंटर तारेने जोडलेले आहेत. ब्रॉडबँडचे बिल थकून जोडणी बंद झाली, परंतु छपाईसाठी राउटर चालूच ठेवला गेला. पुढे इंटरनेटसाठी सिम कार्डावर चालणारा दुसरा, वायफायचा राउटर आला. कार्यालयातील संगणक दोन्हींस जोडला गेला : तारेने छपाईसाठी, वायफायने इंटरनेटसाठी. व्यवस्था सोयीची खरी. परंतु जुना राउटर आपल्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे तारेच्या कार्डास पत्ता देतो व त्याबरोबर 'परगावी जावयाचे ते माझ्यातून' असेही सांगतो. त्याच्या पलीकडचा रस्ता तुटला आहे, हे तो संगणकास कळवीत नाही.

आता दोन वेशींतून निवड कशी होते? प्रत्येक वाटेस एक अंक दिलेला असतो, त्यास मेट्रिक म्हणतात. ज्या वाटेचा अंक लहान ती वाट प्रथम. हा अंक विंडोज स्वतःच ठरविते, आणि तो जोडणीच्या गतीवरून ठरविते. विंडोज १० व त्यानंतरच्या आवृत्त्यांत सेकंदास १ गिगाबिट गतीच्या तारेस २५ हा अंक मिळतो आणि १०० मेगाबिटच्या तारेस ३५. वायफायची गती ५०० मेगाबिट व त्याहून अधिक, परंतु २ गिगाबिटच्या आत असेल तर ३०, दोनशे ते पाचशेच्या दरम्यान असेल तर ३५, दीडशे ते दोनशेच्या दरम्यान ४०, आणि त्याखाली आणखी मोठे अंक. येथे गती म्हणजे कार्ड व राउटर यांच्या दरम्यानची गती, इंटरनेटची नव्हे, हे ध्यानी घ्यावे. जुना राउटर १ गिगाबिटचा असेल तर त्याचा अंक २५ हाच लहान ठरतो, आणि तार जोडली रे जोडली की इंटरनेट जाते. हा दोष निदान सरळ आहे व लवकर सापडतो.

खरा छळ होतो तो जुना राउटर १०० मेगाबिटचा असतो तेव्हा. वायफायचा राउटर जवळ, दार उघडे, अशा स्थितीत वायफायची गती चांगली असते, त्यास ३० अंक मिळतो आणि काम सुरळीत चालते. कोणी दार लावले, राउटर खिडकीतून उचलून कपाटावर ठेवला, की ती गती उतरते. अंक ३५ झाला तर दोन्ही वाटा सारख्या ठरतात. ४० झाला तर तारेची मृत वाट पुढे येते. काही वेळाने गती पुन्हा चढते व इंटरनेट परत येते. पाहणाऱ्यास वाटते की यंत्र लहरी आहे. ते लहरी मुळीच नाही. दिलेला नियम ते तंतोतंत पाळीत असते.

परीक्षेस आरंभ करताना काहीही बदलू नये, हे पथ्य कटाक्षाने पाळावे. चार ठिकाणी बदल करून बसल्यावर मूळ दोष कोणता व आपण घातलेला कोणता, हे ओळखणे दुरापास्त होते. प्रथम त्याच वायफायवर एखादा भ्रमणध्वनी लावून पाहावा, मात्र त्याचा स्वतःचा डेटा बंद ठेवावा. त्यावरही इंटरनेट तुटत असेल तर दोष राउटरचा वा सिमचा आहे, आणि संगणकास हात लावण्याचे कारण नाही. भ्रमणध्वनी नीट चालत असेल, तर संगणकाची लॅन केबल काढावी आणि अर्धा तास केवळ वायफायवर काम करावे. नंतर केबल लावून वायफाय बंद करावे व छपाई करून पाहावी. दोन्ही कार्डे एकेकटी बिनचूक चालली आणि दोन्ही एकत्र असतानाच घोटाळा झाला, तर दोष वाटेच्या निवडीत आहे असे बहुतांशी निश्चित समजावे. या साध्या परीक्षेवाचून नवे कार्ड विकत घेणे हा शाळेच्या पैशाचा अपव्यय होय.

यानंतर संगणकासच विचारावे. कमांड प्रॉम्प्ट उघडून 'आयपीकॉन्फिग' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिला की प्रत्येक कार्डाचा पत्ता, मुखवटा व गेटवे पडद्यावर येतो. 'डिफॉल्ट गेटवे' या ओळीपुढे दोन्ही कार्डांखाली अंक दिसले, तर दोन वेशींचा संशय खरा ठरला. 'रूट प्रिंट' ही आज्ञा दिल्यास वाटांचा तक्ता येतो, त्यात ०.०.०.० ने आरंभ होणारी ओळ दोनदा आढळेल व प्रत्येक ओळीच्या शेवटी मेट्रिक असेल. इंटरनेट चालू असताना एकदा व तुटल्यावर एकदा, असा हा तक्ता दोनदा कागदावर उतरवून घ्यावा. दोहोंतील फरक पुष्कळ काही सांगून जातो.

'पिंग' या आज्ञेचे उत्तरही नीट वाचावे. घाईत ते कोणी वाचीत नाही. ८.८.८.८ या इंटरनेटवरील पत्त्यास पिंग केले असता 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' असे आले, तर पाठविलेल्याचे काय झाले ते कळले नाही, एवढाच अर्थ. परंतु 'रिप्लाय फ्रॉम' असे म्हणून जुन्या राउटरचा पत्ता व पुढे 'अनरीचेबल' असा शब्द आला, तर जिन्नस कोणत्या वेशीवरून परत फिरला, याची ती लेखी कबुलीच समजावी. अंकांचा पत्ता प्रतिसाद देतो परंतु संकेतस्थळाचे नाव घेतले की प्रतिसाद नाही, असे असल्यास वाट बरोबर असून नावावरून पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर चुकीचा नेमला गेला आहे. तोही बहुधा जुन्या राउटरनेच सुचविलेला असतो.

उपाय खर्चाचा नाही. नेटवर्क कनेक्शन्समध्ये तारेच्या कार्डाचे गुणधर्म उघडून आयपी आवृत्ती ४ निवडावी आणि पत्ता स्वतः भरावा. पत्त्याचे पहिले तीन अंक त्याच गावाचे हवेत. चौथा अंक राउटर इतरांस ज्या मर्यादेतून अंक वाटतो तिच्या बाहेरचा हवा, नाहीतर एकाच क्रमांकाची दोन घरे होऊन नवीच कटकट उद्भवते. मुखवटा भरावा. गेटवेची जागा मात्र कोरी सोडावी, आणि डीएनएसचीही. अशा रीतीने तारेच्या गावास वेस उरत नाही. प्रिंटर त्याच गावात असल्याने छपाई चालू राहते आणि परगावचे सर्व वायफायने जाते. काही जाणकार गेटवे तसाच ठेवून मेट्रिक तेवढे हाताने बदलतात. तो उपाय चुकीचा नव्हे. परंतु वायफाय क्षणभर तुटले की संगणक पुन्हा नदीपाशी जाऊन थांबतो. त्यापेक्षा वाट नाही तर नाही असे त्याने स्पष्ट सांगणे बरे, म्हणून कोरी जागाच अधिक पसंत करावी. एक गोष्ट मात्र लक्षात असावी. गेटवे नसलेल्या जाळ्यास विंडोज 'अनोळखी' म्हणून परके समजते व त्या बाजूने येणारी विचारणा अडविते. या संगणकावरील सामायिक फोल्डर इतर संगणकांवरून उघडेनासे झाले, तर कारण तेथे शोधावे.

आणखी एक प्रकार शाळांतून आढळण्याजोगा आहे. दोन्ही राउटर कारखान्यातून येतानाच १९२.१६८.१.१ हा पत्ता घेऊन आलेले असतात. मग दोन्ही कार्डांच्या पत्त्यांचे पहिले तीन अंक सारखे, म्हणजे एकाच नावाची दोन गावे झाली. प्रिंटर १९२.१६८.१.५० वर आहे, परंतु तो कोणत्या गावातला? संगणक कधी तारेच्या बाजूस हाक मारतो, कधी वायफायच्या. दुसऱ्या बाजूस कोणी ओ देत नाही. येथे गेटवे कोरा सोडून भागत नाही, गावाचे नावच बदलावे लागते. ते वायफायच्या राउटरचे बदलावे, १९२.१६८.१०.१ असे, कारण तारेच्या बाजूस प्रिंटरचा पत्ता ठरलेला असतो व तो चारही संगणकांत नोंदलेला असतो.

याउलट कार्डाच्या वा तारेच्या खऱ्या बिघाडाची लक्षणे निराळी असतात. एकेकटे चालवितानाही ते कार्ड तुटत असेल, पत्ता १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असेल म्हणजेच कोणी पत्ता दिलाच नसेल, केबल किंचित हलविताच कार्डावरील दिवा विझत असेल, तर प्रथम केबल बदलावी, मग राउटरवरील छिद्र बदलावे आणि शेवटी कार्डाकडे वळावे. केबलीची टोके उंदरांनी कुरतडलेली असणे हेही ग्रामीण शाळांत अगदीच अशक्य नसते.

दुरुस्ती झाल्यावर दोन्ही कार्डांचे पत्ते, कोणत्या कार्डाचा गेटवे हेतुपुरस्सर कोरा ठेवला आहे ती नोंद, व प्रिंटरचा पत्ता एका कागदावर लिहून तो संगणकाच्या पेटीवर चिकटवावा. मुख्याध्यापकांची बदली होते. नवे येतात, त्यांस कोरी जागा ही कोणाची तरी चूक वाटते, आणि ते ती सद्भावनेने भरून टाकतात.