गिलाव्याची गुणवत्ता

गिलावा अथवा प्लास्टर म्हणजे वीट, दगड किंवा काँक्रीटच्या बांधकामावर दिला जाणारा सिमेंट, चुना वा जिप्सम यांचा लेप होय. बांधकामाचे पावसापाण्यापासून रक्षण करणे आणि रंगकामासाठी सपाट पृष्ठभाग तयार करणे ही त्याची मुख्य कार्ये आहेत. गुळगुळीतपणावरून गिलाव्याची गुणवत्ता ठरत नाही. भिंतीशी असलेली पकड, सपाटपणा, ओळंबा आणि पुरेसे पाणी मारल्याने आलेली बळकटी हे त्याचे खरे निकष आहेत. पुट्टी व रंगाखाली बहुतेक दोष झाकले जात असल्याने तपासणी त्याआधी करावी लागते.

मिश्रण व जाडी

भारतात सिमेंट गिलाव्याच्या कामासाठी आय.एस. १६६१ आणि त्याच्या वाळूसाठी आय.एस. १५४२ ही मानके आहेत. घरातील भिंतींवर साधारणतः १ भाग सिमेंट व ४ ते ६ भाग वाळू या प्रमाणाचा १२ ते १५ मिमी जाडीचा थर देतात. बाहेरील भिंतींवर दोन थरांत मिळून सुमारे २० मिमी, तर छताला याहून पातळ लेप दिला जातो. भिंत ओळंब्यात बांधलेली नसेल, तर ती चूक झाकण्यासाठी काही ठिकाणी जाड थर चढवला जातो. एकाच वेळी दिलेला असा थर भेगाळण्याची किंवा सुटण्याची शक्यता अधिक असते. वाळूतील माती व क्रश सँडमधील जास्तीची भुकटी यांमुळेही भेगा पडतात. खाडीतील खाऱ्या वाळूमुळे भिंतीला लोणा लागतो.

पूर्वतयारी

लेप देण्यापूर्वी विटांमधील सांधे खरवडणे, गुळगुळीत काँक्रीटला टाचे मारणे, धूळ झाडणे आणि भिंत ओलसर करणे आवश्यक असते. कोरडी वीट मालातील पाणी शोषून घेते व त्यामुळे सिमेंट कच्चे राहते. वीटकाम आणि तुळई किंवा खांब जिथे जुळतात, तिथे जाळी बसवतात. काम झाल्यावर सिमेंट गिलाव्यावर किमान ७ दिवस पाणी मारले जाते. जिप्समच्या गिलाव्यास याची गरज नसते.

तपासणीच्या पद्धती

सपाटपणा: सुमारे २ मीटर लांबीची सरळ पट्टी भिंतीवर आडवी, उभी व तिरपी टेकवून खालची फट पाहतात. ती सर्वसाधारणपणे ३ मिमीपेक्षा अधिक नसावी. भिंतीलगत दिवा धरल्यास उंचवटे स्पष्ट दिसतात; परंतु तिरप्या प्रकाशात लहान दोषही मोठे भासत असल्याने निर्णय पट्टीनेच घ्यावा.

ओळंबा व काटकोन: भिंती, कोपरे आणि दारा-खिडक्यांच्या बाजू ओळंब्याने तपासतात. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फूट व दुसरीवर ४ फूट अंतरावर खुणा केल्यास त्यांमधील सरळ अंतर ५ फूट भरले पाहिजे. काटकोन बिघडल्यास फरशी व कपाटे बसवताना तो उघड होतो.

पकड: नाण्याने किंवा लाकडी मुठीने भिंतीवर हलके ठोकल्यास घट्ट बसलेला गिलावा भरीव वाजतो. पोकळ आवाज आला तर लेप भिंतीपासून सुटला आहे असे समजावे. अशा जागा खडूने आखून, तेवढा भाग चौकोनात कापून काढून पुन्हा करावा लागतो. छताचा सुटलेला गिलावा अंगावर पडू शकत असल्याने तिथे विशेष दक्षता घेतात.

बळकटी: खिळ्याने ओरखडल्यावर वाळू भुरभुर गळत असल्यास सिमेंट कमी पडलेले असते किंवा पाणी पुरेसे मारलेले नसते.

भेगांचे स्वरूप

सर्व भेगा सारख्या धोकादायक नसतात. केसासारख्या बारीक भेगांचे जाळे बहुधा वरवरचे असते. सिमेंटचे अधिक प्रमाण, कोरडे सिमेंट भुरभुरवून केलेली घोटाई किंवा जलद सुकणे ही त्याची कारणे होत. तुळईखालील सरळ आडवी भेग जाळीचा अभाव सुचवते, तर विजेच्या बटणांकडे जाणारी उभी भेग नळीसाठी पाडलेली खाच नीट न भरल्याचे दर्शवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी किंवा रुंदावत जाणारी भेग मात्र बांधकामाच्या हालचालीची खूण असू शकते. ती नुसती बुजवून भागत नाही; अशा वेळी संरचना अभियंत्याचा सल्ला आवश्यक ठरतो.

कायदेशीर तरतूद

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार, ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत संरचना, कारागिरी वा गुणवत्तेतील दोष निदर्शनास आणून दिल्यास प्रवर्तकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करणे बंधनकारक आहे. तसे न केल्यास ग्राहक भरपाईस पात्र ठरतो. महाराष्ट्रात यासंबंधीची तक्रार महारेराकडे दाखल करता येते. त्यामुळे ताबा घेताना दोषांची खोलीनिहाय लेखी यादी व दिनांकित छायाचित्रे ठेवणे उपयुक्त ठरते.