कुत्रं त्या कोपऱ्यात का जात नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा नेहमीप्रमाणे भागाचा लेखी मजकूर. बोलताना माझं जे 'अं... म्हणजे...' होतं, तेवढं काढून टाकलंय.

मागच्या मे महिन्यात मी गावी होतो, लॅपटॉप घेऊन. गाव मेडशी, वाशिम जिल्हा. अकोल्याहून वाशिमला जाताना रस्त्यावरच लागतं. वऱ्हाडातला मे म्हणजे काय ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. दुपारी कूलरसमोरून उठायची कोणाची हिंमत होत नाही. आमच्या घरात एकच जीव असा होता जो कूलरसमोर यायलाच तयार नव्हता. काळू.

काळू गावठी, सहा वर्षांचा. आधीच्या उन्हाळ्यात हाच काळू कूलरखाली सांडलेल्या पाण्यात पोट टेकवून दिवसभर पडून राहायचा. या वर्षी माजघराच्या उंबऱ्यापर्यंत यायचा, मान आत घालायचा आणि तिथंच थांबायचा. आत भाकरीचा तुकडा टाकला तर आधी तुकड्याकडे बघायचा, मग कोपऱ्याकडे बघायचा, आणि परत अंगणात निंबाखाली.

आजीचं मत लगेच ठरलं. "थ्या कोपऱ्यात काईतरी आहे. मुक्या जनावराले आपल्यापेक्षा जास्त समजते." शेजारच्या काकूंनी नारळ उतरवून टाकायला सांगितला. मी बी.टेक. झालेला माणूस, त्यामुळे हसलो, आणि माझं शास्त्रीय निदान जाहीर केलं: माझा ब्लूटूथ स्पीकर. तो त्याच कोपऱ्यात ठेवलेला असायचा. उचलून दुसऱ्या खोलीत नेला. काळू उंबऱ्यावरच. म्हणजे मीही नारळच उतरवला होता, फक्त चार्जिंगवाला.

आठवडाभरानं आई फरशी पुसता पुसता सहज बोलून गेली, "त्या कूलरपाशी ओल्या पायानं उभं रायलं का मुंग्या येतात बापा पायाले."

मी विचारलं, कधीपासून? "झाले असतील पंधरा दिवस."

पंधरा दिवस. आणि हे ती अशा सुरात सांगत होती की जणू दळणाचा डबा राहिलाय. मी मेन स्विच पाडला, प्लग काढला, वायरमनला बोलावलं. पंपाच्या वायरचं आवरण घासून गेलं होतं आणि आतली तार कूलरच्या पत्र्याला लागत होती. प्लग तीन पिनचा होता, पण बोर्डात अर्थिंगच्या भोकामागे वायरच जोडलेली नव्हती. तिसरी पिन नुसती शोभेला.

आता यातला काळूचा भाग समजून घेऊ. पत्र्यात उतरलेल्या करंटला जमिनीत जायला वाट लागते. अर्थिंगची वायर असेल तर तो तिच्यातून जातो. नसेल तर ओली फरशी, आणि त्या फरशीवर जो कोणी उभा असेल तो. माणसाला साधारण १ मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या जाणवायला लागतात. पण आपण बहुतेक वेळा चपलेत असतो, दोन पाय जवळ जवळ ठेवून. कुत्र्याचे चारही पंजे उघडे, वर तो थेट पाण्यात बसलेला, आणि प्रत्येक गोष्ट ओल्या नाकानं तपासणार. पुढचे आणि मागचे पाय लांब असल्यानं फरशीवरच्या दोन जागांमधल्या व्होल्टेजचा फरकही त्याच्या अंगातून जातो. आईच्या पायाला ज्या मुंग्या होत्या, तो काळूसाठी झटका असणार.

दुग्धव्यवसायात हा प्रकार चांगलाच माहीत आहे. पाण्याच्या लोखंडी टाकीत काही व्होल्ट जरी उतरले तरी गायी पाणी प्यायला दबकतात, आणि मालकाला आधी वाटतं की जनावर आजारी आहे. २००४ च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये तर याचा फार वाईट शेवट झाला. एक तरुणी दोन कुत्र्यांना फिरवत होती. रस्त्यावरच्या एका लोखंडी झाकणात करंट उतरला होता, वर बर्फाचं पाणी. झटका आधी कुत्र्यांना बसला. त्यांना सावरायला गेली आणि ती गेली. त्यानंतर त्या राज्यात वीज कंपन्यांना रस्त्यावरच्या अशा वस्तू दरवर्षी तपासणं सक्तीचं झालं. आपल्याकडे कूलरच्या शॉकनं माणूस गेल्याची बातमी विदर्भात उन्हाळ्यात वाचायला मिळते. आपण ती वाचतो आणि तोच कूलर लावून झोपतो.

बरं, काळू फक्त कूलर टाळत नव्हता, अख्खं माजघर टाळत होता. कारण 'कूलरच्या वायरचं आवरण गेलंय' हे त्याला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की तो गारवा, तो घरघर आवाज, ती ओल्या खसची वास मारणारी जागा आणि दुखणं हे एकत्र आलं. पावलोव्हचा घंटीवाला प्रयोग शाळेत वाचला होता ना, त्याचीच ही कडू बाजू. चांगली गोष्ट जोडायला अनेक वेळा लागतात, दुखणारी कधी कधी एकदाच पुरते.

पण तुमच्या घरातल्या प्रत्येक टाळलेल्या कोपऱ्यात करंट असेल असं नाही. खेड्यात मी सगळ्यात जास्त बघितलेलं कारण म्हणजे टाइल्स. शेणानं सारवलेल्या जमिनीवर वाढलेलं कुत्रं. मग घराचं बांधकाम होतं आणि आरशासारखी फरशी बसते. कुत्र्याची नखं मांजरासारखी आत जात नाहीत. गुळगुळीत फरशीवर घसरायला लागलं की ते नखं रोवायला जातं, आणि आणखी घसरतं. एकदा चारी पाय फाकून पडलं की ती खोली संपली. तिथं एक तरट नाहीतर जुनी सतरंजी टाका, नखं वाढली असतील तर कापून घ्या. मला माहीत असलेला सगळ्यात स्वस्त उपाय हाच.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. आपल्याला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. ऑनलाइन मिळणारं ते उंदीर पळवायचं प्लगवालं यंत्र बरोबर या मधल्या पट्ट्यात ओरडत असतं. आपल्यासाठी खोली शांत, त्याच्यासाठी दिवसभर शिट्टी. वास तर विचारूच नका. आणि कपाटाखाली डांबराच्या गोळ्या टाकल्या असतील तर कुत्रं तिथून लांब राहतंय हे बरंच आहे, त्या त्याला विषारी असतात.

जिथं मी थोडा जास्त थांबणार आहे ते कारण म्हणजे दुखणं. २०१८ मध्ये ब्रिटन आणि ब्राझीलच्या संशोधकांनी आवाजाला घाबरणाऱ्या २० कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. १० जणांना हाडा-स्नायूंचं दुखणं होतं, १० जणांना नव्हतं. दुखणं असलेल्यांची भीती सरासरी जवळजवळ चार वर्षं उशिरा सुरू झालेली होती, आणि ती एका आवाजापुरती न राहता जागांवरही पसरत होती. त्यांचा अंदाज असा की कुत्रं आवाजाला दचकतं, अंग आखडतं, आधीच दुखणारा सांधा कळवळतो, आणि दोष त्या जागेवर जातो. दुखण्यावर उपचार झाल्यावर बऱ्याच जणांच्या वागण्यात फरक पडला. म्हणून वयस्कर कुत्रं अचानक जिना, ओटा किंवा एखादी खोली टाळायला लागलं तर 'म्हातारं झालंय' म्हणून सोडू नका, जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. आणि घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कृपया देऊ नका, त्यानं कुत्रं मरू शकतं.

एक कारण मात्र आमच्याकडचं खास. रात्री कुत्रं गोठ्याकडच्या दाराशी जायला नकार देत असेल तर त्याला हसू नका. मेडशीच्या आसपास जंगल आहे, काटेपूर्णा अभयारण्यही लांब नाही. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशोबानं सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. कुत्र्यानं तो पेपर वाचलेला नसतो, पण वास त्याला आधी येतो.

तर तपासायचं कसं? आधी आठवा, हे कधी सुरू झालं आणि त्या सुमारास घरात नवीन काय आलं. मग त्याच्या उंचीवर बसून ती जागा बघा. मात्र जागा ओली असेल आणि जवळ कूलर, फ्रिज, मोटर असेल तर आधी मेन स्विच पाडा. हात लावून 'बघू करंट आहे का' हा प्रयोग नको. टेस्टर पेटला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. तेवढा करंट बाहेर गळला की ती पुरवठाच तोडते. कूलरमध्ये पाणी भरायचं तर प्लग काढूनच.

आणि कुत्र्याला ओढत नेऊ नका. आम्ही काळूसाठी रोज भाकरीचा तुकडा वीतभर आत सरकवत गेलो. दोन महिन्यांत तो बाजेपर्यंत आला. कूलर दुरुस्त आहे, कोपरा कोरडा आहे, आई तिथं बिनधास्त उभी राहते. काळू अजून बाजेच्या पुढे जात नाही. आजी ते बघते आणि मला दर वेळी ऐकवते, "म्या म्हटलं नोतं का, थ्या कोपऱ्यात काईतरी आहे म्हणून?"