पिन बदलली म्हणून व्होल्टेज बदलत नाही

अमेरिकेहून परतताना सामानात गिटारचा अ‍ॅम्प घेऊन येणं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. कुणी शिक्षण संपवून येताना स्वतःचा आणतो, कुणी न्यू जर्सीच्या मावशीला सांगून मागवतो. खोकं फुटतं, अ‍ॅम्पच्या पाठीमागे बघितलं तर केबल खुपसायची जागा अगदी ओळखीची दिसते. घरच्या कॉम्प्युटरला असते तीच. मग कॉम्प्युटरची केबल काढून अ‍ॅम्पला लावली जाते, ती चपखल बसते आणि भिंतीवरचं बटण दाबलं जातं. परदेशी अ‍ॅम्प जळण्याची सर्वाधिक शक्यता असते ती याच क्षणी.

केबलची ती जागा जगभर एकाच मापाची ठेवलेली आहे. त्यामुळे केबल बसली म्हणजे अ‍ॅम्प इथल्या विजेवर चालेल, हा पहिला आणि सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ वीज येते, अमेरिकेत 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ. अ‍ॅम्पच्या आत पहिल्यांदा ही वीज झेलतो तो पॉवर ट्रान्सफॉर्मर. त्याच्या प्रायमरी वाइंडिंगचे फेरे 120 व्होल्ट धरून मोजलेले असतात. त्यावर 230 व्होल्ट आले की लोखंडी कोअर चुंबकीयदृष्ट्या तुडुंब भरतो, वाइंडिंगमधून अफाट करंट वाहू लागतो आणि नशीब चांगलं असेल तर क्षणार्धात फ्यूज उडतो. तो उडाला नाही, तर ट्यूब अ‍ॅम्पमध्ये ट्यूबच्या 6.3 व्होल्टच्या हीटरला बारा व्होल्ट मिळतात. चारशे-साडेचारशेच्या जागी आठशे व्होल्ट तयार होऊ पाहतात आणि पाचशे व्होल्टचे फिल्टर कपॅसिटर फुटतात.

म्हणून अशा वेळी फ्यूज उडाला तर त्याचे उपकार मानावेत, त्याच्या जागी तांब्याची तार बांधू नये. ही सवय आपल्याकडे फार जुनी आहे आणि वाचू शकणारा ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळा तिच्यामुळेच जातो.

“मग अ‍ॅडॉप्टर लावू की.” विमानतळावर किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारा प्रवासी अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. अमेरिकेच्या चपट्या पिना आपल्या गोल भोकांत बसवण्यापलीकडे त्याचं काहीही काम नाही. व्होल्टेज आत जितकं, बाहेरही तितकंच. स्टॅबिलायझरबद्दलही असाच समज असतो. स्टॅबिलायझर 190 किंवा 260 व्होल्ट आले तर त्यांना 230च्या आसपास आणतो, 120वर उतरवत नाही. प्रवाशांसाठी मिळणारे हलके, मुठीत मावणारे ‘कन्व्हर्टर’ सर्वांत फसवे. त्यांच्यावर हजार-दीड हजार वॅट लिहिलेलं असतं, पण ते हेअर ड्रायर किंवा इस्त्रीसारख्या नुसत्या तापणाऱ्या वस्तूंसाठी असतात. ते विजेची लाट कापून पुढे पाठवतात. ट्रान्सफॉर्मर असलेल्या अ‍ॅम्पला अशी कापलेली लाट देऊ नये.

इथल्या विजेवर 120 व्होल्टचा अ‍ॅम्प चालवायला खरा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी केली तर तो मिळतो, कुणी बनवूनही देतो. मात्र तिथे गेल्यावर पुढचा गोंधळ होतो. “अ‍ॅम्प केवढ्याचा?” असं दुकानदार विचारतो, “पन्नास वॅटचा,” असं आपण सांगतो आणि शंभर वॅटचा ट्रान्सफॉर्मर घेऊन घरी येतो. पन्नास वॅट ही स्पीकरला मिळणारी ताकद झाली. अ‍ॅम्प भिंतीतून किती ओढतो हा आकडा निराळा आणि बराच मोठा असतो, कारण हीटर तापवणं, ट्यूबमधून सतत करंट वाहत ठेवणं यात पुष्कळ वीज उष्णता होऊन जाते. पन्नास वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प सहज दीडशे-दोनशे वॅट ओढतो. हा आकडा पाठच्या पट्टीवर वॅटमध्ये किंवा अ‍ॅम्पियरमध्ये छापलेला असतो. पट्टीवर 120 व्होल्ट आणि 2 अ‍ॅम्पियर असेल तर गुणाकार 240 व्होल्ट-अ‍ॅम्पियर. त्याच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा, म्हणजे चारशे-पाचशेचा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. तो जड असतो, आणि असायलाच हवा. हातात हलका लागला तर कोअरमधलं लोखंड कमी आहे असं समजा.

जपानी अ‍ॅम्पच्या बाबतीत आणखी सावध राहावं लागतं. ‘110 व्होल्टवाले’ असं म्हणून अमेरिका आणि जपान यांना आपण एकाच पंगतीत बसवतो, पण जपानमध्ये 100 व्होल्ट आहेत. बाजारातला ‘220 ते 110’ ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज निम्मं करतो, इतकंच. भिंतीत 230 असतील तर बाहेर 115, आणि रात्री लोड उतरल्यावर भिंतीत 240 झाले तर 120. अमेरिकी अ‍ॅम्पला हे छान मानवतं. 100 व्होल्टसाठी बनलेल्या अ‍ॅम्पला मात्र तेच वीस टक्के जास्त झाले, आणि ट्यूबचं आयुष्य त्यात भराभर संपतं. टोकियोहून आणलेल्या अ‍ॅम्पसाठी 100 व्होल्टचं आउटपुट असलेला ट्रान्सफॉर्मर मुद्दाम मागून घ्यावा.

आता हर्ट्झकडे वळू. “व्होल्टेज जुळलं की काम झालं, 50 आणि 60ने काय फरक पडतो?” हे अर्धं खरं आहे. अ‍ॅम्पच्या आत ए.सी.चं डी.सी. होतं, त्यामुळे गिटारचा सूर बदलत नाही. ट्रान्सफॉर्मरच्या कोअरवर मात्र फरक पडतो. कोअरमधलं चुंबकत्व व्होल्टेज भागिले हर्ट्झ या हिशेबाने ठरतं. 120ला 60ने भागलं तर 2, 50ने भागलं तर 2.4. म्हणजे व्होल्टेज अगदी बरोबर 120 दिलं तरी 60 हर्ट्झसाठी काटकसरीने बनवलेल्या ट्रान्सफॉर्मरवर इथे वीस टक्के जास्त भार येतो. तो जास्त तापतो, जास्त गुणगुणतो. चांगल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एवढी सवड ठेवलेली असते, सगळ्यांत नसते. स्टेप-डाऊनमधून 120ऐवजी 115 मिळाले तर वाईट वाटून घेऊ नये, ते याच कारणाने. उलट दिशेला ही अडचण येत नाही. 50 हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर 60वर आणखी थंड चालतो.

हर्ट्झ जिथे खरोखर सूर बिघडवतो अशी वाद्यंही आहेत. 1935 साली बाजारात आलेला हॅमंड ऑर्गन मेन्सच्या हर्ट्झबरोबर फिरणाऱ्या मोटरवर दातेरी चक्रं फिरवून स्वर काढतो. अमेरिकेचा हॅमंड 50 हर्ट्झवर लावला की मोटर पाच-षष्ठांश वेगाने फिरते आणि सगळं वाद्य सुमारे तीन अर्धस्वर खाली उतरतं. नुसता ट्रान्सफॉर्मर त्याला सुरात आणू शकत नाही. ज्या जुन्या टेप इकोंमध्ये आणि रेकॉर्ड प्लेयरमध्ये ए.सी. मोटर असते, त्यांचीही गत हीच. जपानने तर एकाच देशात दोन्ही हर्ट्झ नांदवले आहेत, टोकियोकडे 50 आणि ओसाकाकडे 60, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका भागाने जर्मन जनरेटर आणले आणि दुसऱ्याने अमेरिकी.

गिटारवाल्यांच्या मनात रुतलेला एक समज निराळ्या जातीचा आहे. जास्त व्होल्टेज दिलं की जास्त दमदार आवाज येतो. त्याचा उगम गिटारवादक एडी व्हॅन हेलनपर्यंत जातो. 1978च्या पहिल्या अल्बमवरचा त्याचा ‘ब्राऊन साउंड’ कसा निघाला याविषयी सुरुवातीच्या मुलाखतींत त्याने व्होल्टेज चढवतो असं सांगितलं होतं. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. व्हेरिअ‍ॅक नावाच्या फिरत्या बटणाच्या ट्रान्सफॉर्मरने तो आपल्या मार्शल अ‍ॅम्पचं व्होल्टेज 90च्या आसपास उतरवायचा, म्हणजे अ‍ॅम्प पूर्ण मोकळा सोडूनही आवाजाची पातळी खाली राहायची. यामागेही व्होल्टेजचीच एक चुकामूक होती. परदेशी 220 व्होल्टवर बांधलेला एक मार्शल त्याच्या हाती आला होता. तो अमेरिकेच्या विजेवर लावल्यावर अगदी हळू, पण पूर्ण फाटलेल्या आवाजात वाजला.

त्याच किश्श्यात एका नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर आहे. इथला 230 व्होल्टचा अ‍ॅम्प अमेरिकेत नेऊन थेट लावला तर तो सहसा जळत नाही. हीटर थंड राहतात, आवाज मरगळलेला येतो, डिजिटल भाग असेल तर तो सुरूच होत नाही. तिथे त्याला स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर द्यावा, विषय संपला.

अर्थिंगचा विषय मात्र असा पटकन संपत नाही. “पिना जुळेनात, तिसरी कापून टाक, आवाज तर येतोय ना,” हा सल्ला गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत सर्रास दिला जातो. अ‍ॅम्पमधून घूं आवाज येत असेल तेव्हा तर हमखास. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून थेट अ‍ॅम्पच्या चॅसीला जोडलेल्या असतात. म्हणजे चॅसीत वीज उतरली तर ती तुमच्या बोटांखालच्या तारांत असते. चॅसीला अर्थ असेल तर वीज तिकडे पळते आणि फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर ती वाट बघते, तुम्ही गाण्यासाठी ओठ माइकला लावेपर्यंत. 3 मे 1972ला वेल्समधल्या स्वानसी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वी स्टेजवर असाच गेला. माइकला अर्थिंग नीट नव्हतं. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ 1976च्या मे महिन्यात स्वतःच्या घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला, तिथेही दोष अर्थिंगचाच. दोघंही व्यवसायाने वादक होते, आणि ब्रिटनचं व्होल्टेज आपल्याएवढंच आहे.

परदेशी अ‍ॅम्पला हा धोका दोन वाटांनी येतो. स्वस्त स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरच्या बाहेरच्या सॉकेटला तीन भोकं असतात, पण तिसऱ्यामागे तारच नसते. घरी आणल्यावर, प्लग भिंतीतून काढलेला असताना, मल्टिमीटरचं एक टोक अ‍ॅम्पच्या चॅसीच्या उघड्या स्क्रूला आणि दुसरं ट्रान्सफॉर्मरच्या प्लगच्या मोठ्या पिनेला लावून बघा. रीडिंग जवळजवळ शून्य ओहम आलं पाहिजे. नाही आलं तर तो ट्रान्सफॉर्मर परत करा. हे सगळं भिंतीतल्या सॉकेटमागे खरं अर्थिंग आहे असं धरून. जुन्या इमारतीत राहत असाल तर तेही इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

दुसरी वाट जुन्या अमेरिकी अ‍ॅम्पमधून येते. 1960च्या दशकापर्यंतच्या अनेक अ‍ॅम्पना दोनच पिना असत आणि मेन्सच्या एका तारेपासून चॅसीपर्यंत एक कपॅसिटर जोडलेला असे. दुरुस्ती करणारे त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात. तो शॉर्ट झाला की चॅसीत थेट मेन्स येते. असा अ‍ॅम्प कितीही सुंदर वाजत असला तरी आधी तो कपॅसिटर काढून तीन तारांची केबल बसवून घ्यावी. ‘मूळ रूप बिघडतं’ या संग्राहकांच्या तक्रारीला इथे काही अर्थ नाही.

बहुतेक ठिकाणी आज इतका व्याप लागतही नाही. पेडलचे आणि डिजिटल मॉडेलरचे बरेचसे नवे पॉवर सप्लाय 100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ असे असतात. पट्टीवर तसं लिहिलेलं असेल तर पिन बदलली की काम झालं, तिथे ट्रान्सफॉर्मर घेणं पैसे वाया घालवणं आहे. काही अ‍ॅम्पना मागे व्होल्टेज बदलायचा खटका असतो. काहींच्या आत 120 व्होल्टची दोन वाइंडिंग असतात आणि कारागीर ती ओळीने जोडून अ‍ॅम्प 240चा करून देतो. अशा वेळी फ्यूजही बदलायचा, कारण व्होल्टेज दुप्पट झालं की करंट निम्मा होतो. पाठीवर दोन आकडे छापलेले दिसतात, 120ला 4 अ‍ॅम्पियर आणि 240ला 2, असे. जुना मोठा फ्यूज तसाच ठेवला तर तो वेळेवर उडणार नाही.

हे आतलं काम घरी करू नका. ट्यूब अ‍ॅम्प बंद करून प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशे-पाचशे व्होल्ट साठून राहू शकतात, आणि ते बघून ओळखता येत नाहीत.

परदेशातून अ‍ॅम्प मागवणार असाल तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून पाठीमागच्या पट्टीचा स्पष्ट फोटो मागवा. त्यावर फक्त 120 व्होल्ट असेल तर चांगल्या ट्रान्सफॉर्मरची किंमत आणि सहा-सात किलो वजन त्या सौद्यात धरा. तरीही परवडत असेल तरच आणा.