एका इंजिनाचं विमान का पडतं?

एकच इंजिन, ते बंद पडलं की खेळ खलास, असा आपला समज. तसं नसतं. सेस्ना १७२ सारखं विमान इंजिनाशिवायही हजार मीटर उंचीवरून साधारण नऊ किलोमीटर तरंगत जातं.

घात होतो तो बहुधा निर्णयात. उड्डाणानंतर लगेच इंजिन गचकलं की मन मागच्या धावपट्टीकडे धावतं. वैमानिक वळतो, नाक वर खेचतो, वेग घटतो, पंखांची उचल संपते. हाच स्टॉल. इतक्या कमी उंचीवर सावरायला जागा नसते. म्हणून समोर मिळेल त्या शेतात उतरा, असं शिकवतात.

इंजिन बंद पडण्याची कारणंही कधी क्षुल्लक असतात. इंधन चक्क संपतं! किंवा कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो. बाहेर २० अंश तापमान असलं तरी हवा दमट असेल तर पेट्रोलची वाफ होताना तिथली अरुंद नळी शून्याखाली जाते. इंजिनाचे फेरे हळूहळू उतरतात. कार्बुरेटरला गरम हवा देणारी खुंटी ओढली की वितळलेलं पाणी आत जाऊन इंजिन आधी आणखीच खडखडतं. घाबरून खुंटी परत ढकलली, तर बर्फ पुन्हा धरतो.

आणि इंजिन शाबूत असतानाही घात करते ती धूसर हवा. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र, धाकटे जॉन केनेडी, पायपर साराटोगा हे एका इंजिनाचं विमान घेऊन मार्थाज व्हिनयार्ड बेटाकडे निघाले. समुद्रावर क्षितिज दिसेना. दिशाभ्रम झाला, असं चौकशीत ठरलं. विमान तिघांसह पाण्यात गेलं. यंत्रात बिघाड सापडला नाही.