पाय कापावा लागेल म्हटल्यावर

"डॉक्टर, बाबांना काही सांगू नका, ते ऐकणार नाहीत." मधुमेहामुळे पाय सडलेल्या रुग्णांची मुले मला हमखास बाजूला घेऊन असे सांगतात. मी त्यांना वडिलांशेजारी बसवतो आणि सगळे वडिलांदेखतच बोलतो. पाय त्यांचा आहे. रुग्ण भानावर असेल, तर संमती त्याचीच लागते.

वडील नकार का देतात? एक कारण म्हणजे पाय दुखत नाही. साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की पायाचे मज्जातंतू बधिर होतात आणि रक्तवाहिन्या अरुंद होतात. शेतात किंवा मिरचीच्या तापलेल्या पथारीवर अनवाणी चालताना काटा रुतला, फोड आला, तरी कळत नाही. दुखत नाही म्हणजे जखम किरकोळ, असा समज होतो. खरे तर न दुखणे हेच वाईट लक्षण!

दुसरे कारण भीती. शौचाला कोण नेईल? शेतावर कसे जाणार? मुलांवर ओझे होईल का? हे त्यांना बोलू द्यावे. अहिराणी असो की भिली, घरच्याच बोलीत समजूत घालावी.

सर्जनला तीन प्रश्न जरूर विचारा. पायाला रक्तपुरवठा किती आहे, आणि बंद रक्तवाहिनी फुग्याने किंवा बायपासने मोकळी करता येईल का? नेमके कोठून कापणार? गुडघा वाचला, तर कृत्रिम पायाने चालणे पुष्कळ सोपे जाते. आणि शस्त्रक्रिया केलीच नाही, तर काय होईल?

बोट कोरडे व काळे असेल, ताप नसेल, तर दुसऱ्या सर्जनचे मत घेण्यास बहुधा सवड असते. मात्र पू, दुर्गंधी, पसरणारी लाली, ताप किंवा ग्लानी असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. विलंब झाल्यास बोटावर भागणारे गुडघ्यापर्यंत जाते, प्रसंगी जिवावर बेतते.

पाय गेला म्हणजे चालणे संपले असे नाही. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा व डॉ. प्रमोद करण सेठी यांनी घडवलेला जयपूर फूट लावून अनवाणी चालता येते, उकिडवेही बसता येते. जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून तो मोफत देते. शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करावी.

सगळे समजूनही वडील नाहीच म्हणाले, तर जबरदस्ती करू नये, अबोलाही धरू नये. ड्रेसिंग व औषधे चालू ठेवावीत आणि रोज शांतपणे पुन्हा विचारावे. होकार पुष्कळदा दोन-तीन दिवसांनी येतो.

दुसरा पाय मात्र आजपासूनच जपा. रोज तळवा व बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, अनवाणी फिरू नये, गरम पाण्याचा शेक घेऊ नये. वडिलांना वाकता येत नसेल, तर हे काम मुलांनी करावे.