दुसरी चाकरी आणि पहिले घर

मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे करी रोड, लालबाग, परळ या पट्ट्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना एका घरात दोन कमाया असणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. कारण गिरणीचा पगार हा ज्या संसारांचा जाहीर आधार होता, त्या संसारांत आणखी एक मिळकत सदैव चालू असे, आणि तिची नोंद मात्र बहुधा कोणत्याही दप्तरात होत नसे. पाळी सुटल्यावर गणपतीच्या कारखान्यात रात्र काढणारा साचेवाला, पहाटे आरेच्या दूधकेंद्रावर उभी राहणारी गृहिणी, पत्नीच्या नावाने विम्याची एजन्सी चालविणारा शाळामास्तर, हे सारे या वस्तीचे परिचित रहिवासी होत.

या दुसऱ्या मिळकतीचे सर्वांत मोठे रूप म्हणजे खानावळ. कोकणातून आणि घाटावरून आलेले, बायकामुले गावी ठेवून एकेका गाळ्यात दाटीने राहणारे आणि पाळीपाळीने झोपणारे जे हजारो कामगार होते, त्यांचे जेवण चाळीतल्या बायका आपल्याच चुलीवर रांधीत. आणि महिनाअखेर पैसे हाती येईपर्यंत धान्य, रॉकेल, मसाला यांचा खर्च भागविण्यासाठी सावकाराच्या जबर व्याजाखाली दबून जात. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांचे कर्ज मिळवून दिले, ही घटना मला गिरणगावच्या इतिहासात कोणत्याही संपाइतकीच महत्त्वाची वाटते. कारण जिला घरकाम समजून कोणी हिशेबात धरले नव्हते, त्या मेहनतीला त्या दिवसापासून पत प्राप्त झाली.

तथापि या कमाईतून मुंबईत घर झाले, असे क्वचितच घडले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने खोलीचे भाडे आवाक्यात राहिले होते आणि ‘घर’ म्हणजे गावचे घर, अशीच बहुतेकांची धारणा होती; त्यामुळे वरचा पैसा मनीऑर्डरीत, मुलांच्या शिक्षणात आणि सावकाराच्या तगाद्यात जिरून गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उठले. आणि आईबापांच्या दहा-बाय-बाराच्या खोलीत दोन भावांचे संसार मावेनासे झाले, तेव्हा मालकीच्या घराचा प्रश्न पुढच्या पिढीपुढे उभा राहिला. म्हाडाच्या २०१२ च्या सोडतीत काही हजार गिरणी कामगारांना २२५ चौरस फुटांची घरे साडेसात लाखांत मिळाली; परंतु ज्यांचा नंबर लागला नाही त्यांची संख्या कितीतरी मोठी होती.

आता आजच्या तरुणाचा जमाखर्च पाहू. साठ लाखांचे घर घ्यावयाचे म्हटले, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँक जास्तीत जास्त ऐंशी टक्के, म्हणजे ४८ लाख रुपये देऊ शकते; उरलेले १२ लाख, आणि ज्यांचा समावेश घराच्या किमतीत केला जात नाही असे मुंबईतील सहा टक्के मुद्रांक शुल्क व नोंदणी खर्च, मिळून सुमारे १६ लाख रुपये खरेदीदाराने रोख उभे करावयाचे असतात. ही गंगाजळी एका पगारातून साठत नाही, आणि म्हणून संध्याकाळच्या शिकवण्या, रात्रीचे हिशेबलेखन, सुटीच्या दिवशी गाडी चालविणे, घरपोच खाद्यपदार्थ पोहोचविणे, असे काहीतरी पत्करणे ओघाने येते.

पण माझ्या मते या दुसऱ्या चाकरीचे खरे सामर्थ्य कर्ज घेण्यापूर्वी जितके दिसते, त्याहून अधिक कर्ज घेतल्यानंतर प्रकट होते. ४८ लाख रुपये साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर दरमहा सुमारे ४१,६५० रुपये हप्ता पडतो आणि मुदतीअखेर व्याजापोटीच जवळजवळ ५२ लाख जातात. याच हप्त्यात दुसऱ्या कामातले दरमहा १०,००० रुपये पहिल्यापासून मिळविले, तर कर्ज बारा वर्षे आठ महिन्यांत फिटते आणि व्याजाचे एकवीस लाखांहून अधिक रुपये वाचतात. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर व्यक्तीकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेण्यास बँकांना मनाई आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते.

आणि कर्ज घेतल्यानंतरच्या नेमक्या याच टप्प्यावर घात होतो. करी रोडला राहणाऱ्या माणसाला दुसरे काम जमते, कारण कचेरी जवळ असते आणि सायंकाळचे दोन-तीन तास त्याच्या हाती राहतात. त्या तासांच्या कमाईतून त्याला परवडते ते घर मात्र बदलापूरला किंवा विरारला असते. तेथे राहावयास गेल्यावर धीमी गाडी, दादरची बदली आणि परतीची गर्दी यांत ते तास संपून जातात. म्हणजे ज्या वेळेने घर मिळवून दिले तीच वेळ ते घर हिरावून घेते, आणि हप्ता सुरू होतो त्याच महिन्यात दुसरी मिळकत बंद पडते. शेलू आणि वांगणी येथे गिरणी कामगारांना घरे देण्याच्या योजनेविरुद्ध जुलै २०२५ मध्ये कामगार आझाद मैदानावर जमले, त्यामागेही हेच दुःख आहे. ज्यांच्या श्रमावर ही वस्ती उभी राहिली त्यांना बदलापूरच्याही पलीकडे पाठविणे मला अन्यायाचे वाटते. त्यांच्या वाट्याची घरे मुंबईतच दिली पाहिजेत.

काही सावधगिरीच्या गोष्टी सांगणे अगत्याचे आहे. नोकरीच्या करारनाम्यात दुसरे काम करण्यास मनाई आहे काय, हे आधी वाचावे. २०२२ मध्ये विप्रोने तीनशे कर्मचाऱ्यांना याच कारणावरून काढून टाकले होते, आणि सरकारी नोकराला तर पूर्वपरवानगीवाचून खाजगी नोकरी पत्करता येत नाही. वरची मिळकत रोखीत घेऊन लपविण्याचा मोह टाळावा, कारण प्राप्तिकराच्या विवरणपत्रात जी कमाई नाही ती बँकेच्या लेखीही नाही. म्हाडाच्या सोडतीसाठी अर्ज करणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तेथे पतिपत्नींचे उत्पन्न एकत्र धरले जाते, आणि मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला सहा, नऊ व बारा लाख या मर्यादा ओलांडल्या की उत्पन्न गट बदलतो. आणि दुसरी मिळकत पत्नीची असेल, तर घराच्या दस्तऐवजावर तिचे नाव घातल्यावाचून सही करू नये. खानावळवाल्या बायकांचे नाव अशा कागदांवर कोठेच लागले नाही, तेवढे पुरे झाले.

माझी वाचकांना विनंती एवढीच की हप्ता ठरविताना केवळ पहिला पगार धरावा आणि दुसऱ्या चाकरीची पै न् पै मुद्दल फेडण्याकडे लावावी. पहिल्या पगारात हप्ता बसत नसेल, तर चाळीतल्या खोलीत आणखी दोन-तीन वर्षे काढून मगच घर घ्यावे.